उपाध्यायाचे मंत्र आणि देवाचे दप्तर

एखाद्या कल्पित जगातील भुयारात उतरलेल्या उपाध्यायाने आपल्याजवळचा अखेरचा मंत्र खर्ची घातला, म्हणजे जे संपले ते त्याला पुन्हा कोणाकडून, किती अवधीने आणि कोणत्या अटींवर मिळते, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरखेळातला वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळात तो उपस्थित होतो त्या खेळाच्या कर्त्यांनी गेल्या पन्नास वर्षांत त्याची उत्तरे इतक्या वेळा लिहिली, खोडली आणि पुन्हा लिहिली आहेत की, केवळ त्या खाडाखोडीवरून देव आणि भक्त यांच्यामधील व्यवहाराचा एक लहानसा इतिहास सांगता यावा.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देणे भाग आहे. चारसहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एकजण सूत्रधार होतो, ज्याला खेळाडूंच्या बोलीत डंजन मास्टर म्हणतात, आणि उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका पत्करतात. सूत्रधाराने प्रसंग वर्णावा, खेळाडूंनी आपापले पात्र काय करते ते सांगावे, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत जो विहित असेल तो टाकून निकाल घ्यावा, असा हा क्रम कधी एका संध्याकाळी आटोपतो, तर कधी वर्षानुवर्षे चालू राहतो. या प्रकारातील पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचला व तो 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. त्यात पात्रांचे मुख्य प्रकार तीनच होते: शस्त्रधारी योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजेच आपला उपाध्याय. या तिसऱ्या गृहस्थाशीच आपल्याला कर्तव्य आहे.

क्लेरिक जन्माला आला तो ईश्वरभक्तीपोटी नव्हे, एका अडचणीपोटी. मिनेसोटातील आर्नेसनच्या मित्रमंडळीत ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रांतातला जो खेळ चाले, त्यात एका खेळाडूचे पात्र ‘सर फँग’ नावाचा रक्तपिपासू पिशाच होऊन बसले आणि ते इतके बलिष्ठ झाले की इतरांना त्याच्यापुढे टिकाव धरणे अशक्य झाले. तेव्हा, ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या भयपटांत पीटर कुशिंग या नटाने रंगविलेल्या पिशाचमारक व्हॅन हेल्सिंगचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून, क्रूस उगारणाऱ्या धर्मगुरूचे एक पात्र त्याच्यावर उतारा म्हणून घडविण्यात आले. पुढे छापील नियमांत त्याला चिलखत मिळाले, धारदार शस्त्र वापरण्याची मनाई झाली, मृतांना परतवून लावण्याचा अधिकार लाभला आणि जखमा भरून काढणारे मंत्र देण्यात आले. गमतीचा भाग असा की, 1974 च्या नियमांप्रमाणे पहिल्या पातळीवरील क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. दुसऱ्या पातळीवर पोहोचल्यावर तो एकाच मंत्राचा धनी होई. उमेदवारी पुरी झाल्यावाचून नेमणूक नाही, असा हा जुन्या कचेरीतला रिवाज मला तरी मोठा समर्पक वाटतो.

मंत्र मिळाले, पण ते संपायचे कसे आणि पुन्हा यायचे कसे? येथे खेळाच्या कर्त्यांनी एका कादंबरीकाराच्या झोळीत हात घातला. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाने 1950 साली ‘द डाइंग अर्थ’ नावाचे पुस्तक लिहिले होते. त्यातले जादूगार जुन्या ग्रंथांतून मंत्र पाठ करतात, त्यांच्या मेंदूत एका वेळी असे मोजकेच मंत्र मावतात, आणि एकदा उच्चार झाला की तो मंत्र स्मरणातून समूळ पुसला जाऊन पुन्हा पोथी उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गायगॅक्सने ही युक्ती उचलली व तिचे ऋण वेळोवेळी मान्यही केले. खेळाच्या दृष्टीने ती बिनतोड होती, कारण तिच्यामुळे जादूगाराची शक्ती मोजता येण्याजोगी झाली: सकाळी इतके मंत्र पदरात, त्यांतले इतके खर्ची पडले, शिल्लक इतकी.

परंतु व्हान्सच्या त्या जगात उपाध्याय मंत्र पाठ करीत बसत नाहीत. पोथीवाचून अडणाऱ्या जादूगारासाठी शिवलेला हा अंगरखा जसाच्या तसा देवाच्या माणसाच्या अंगावर चढविण्यात आला, आणि पुढल्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. पहिल्या पुस्तिकांत तर मंत्र वापरणाऱ्या पात्रांजवळ मंत्रांचे ग्रंथ असतात असे मोघम विधान करून विषय मिटविला होता. जादूगार आणि क्लेरिक असा भेद तेथे फारसा केलेला दिसत नाही. जादूगार मंत्र विसरतो हे एक वेळ पटते; पण ज्याने आयुष्यभर प्रार्थना केली, त्याला जखम भरण्याची प्रार्थना एकदा म्हटल्याबरोबर दुसऱ्या दिवसापर्यंत आठवू नये, हे कसे पटावे? स्मरणशक्तीचा नियम येथे लागू पडत नाही, तर मग दुसरा कोणता लागू पडतो, हे कोणीतरी सांगणे आवश्यक होते.

ते गायगॅक्सने 1979 साली सांगितले. ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या विस्तारित खेळाचा सूत्रधारांसाठी लिहिलेला जो जाडजूड ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्यात क्लेरिकच्या नित्य मंत्रप्राप्तीवर एक स्वतंत्र टिपण आहे आणि माझ्या मते या विषयावरील ते सर्वांत रसाळ लेखन होय. त्यात असे ठरविले आहे की, क्लेरिकला मंत्र बहाल करणारी त्याची देवता आहे. मात्र पात्रांप्रमाणे मंत्रांच्याही चढत्या सात पातळ्या असून, त्या सर्वांची मंजुरी एकाच दालनातून होत नाही. पहिल्या व दुसऱ्या पातळीचे मंत्र क्लेरिकला स्वतःच्या शिक्षणाने, साधनेने आणि निष्ठेने प्राप्त होतात. त्यांसाठी वर अर्ज करावा लागत नाही. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे मंत्र देवतेचे अलौकिक सेवक देतात. सहाव्या व सातव्या पातळीचे मंत्र मात्र खुद्द देवतेकडूनच यावे लागतात.

या व्यवस्थेतले मर्म असे की, ज्याच्याकडे मागणे मागावयाचे तो मागणाऱ्याची चौकशी करू शकतो. आपल्या धर्माच्या आज्ञेपासून ढळलेला क्लेरिक खालच्या दोन पातळ्यांचे मंत्र सुखाने मिळवू शकेल, कारण तेथे त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. पण तिसऱ्या पातळीच्या मंत्रासाठी हात जोडताच देवतेचा मुतालिक त्याच्या वर्तनाचे दप्तर उघडील, मागणी नामंजूर करील, काही दिवसांचे उपोषण, प्रार्थना आणि चिंतन फर्मावील, आणि त्यानंतरच पूर्ववत पुरवठा सुरू होईल. सहाव्या पातळीवर तर धन्याच्याच समोर उभे राहावयाचे. तेथे झाडाझडती अधिक कडक, आणि प्रायश्चित्त म्हणून एखादी दुर्घट कामगिरीही पदरात पडावयाची. शिवाय देवतांच्याही श्रेणी कल्पिलेल्या असल्यामुळे, ज्याचा देव लहान त्याला सर्वोच्च मंत्र मिळण्याची सोय नव्हती. सुभेदाराला जेवढा अधिकार तेवढीच तो सनद देणार. या देवतांचे वर्णन करणारा ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ हा ग्रंथ 1980 साली निघाला, तेव्हा ग्रीक व नॉर्स देवांच्या बरोबरीने इंद्र, अग्नी, काली हीही मंडळी अंकांच्या कोष्टकांत बसविलेली आढळतात. त्यांच्या उपासकाने कोणत्या विधीने मंत्र मागावे, हे मात्र त्या टेबलाभोवतीच्या लोकांनी आपापल्या कल्पनेवर सोडून दिले असावे. मिसरूड फुटलेल्या विस्कॉन्सिनच्या पोराने वरुणाची उपासना कशी चालविली असेल, याची कल्पना करताना हसू आवरत नाही.

वेळेचा हिशेबही त्याच ग्रंथात आहे आणि तो तितकाच कडक आहे. मंत्र मागण्यापूर्वी विश्रांती हवी: पहिल्या दोन पातळ्यांच्या मंत्रांसाठी 4 तास, तिसऱ्या व चौथ्यासाठी 6, पाचव्या व सहाव्यासाठी 8, आणि सातव्यासाठी 10. विश्रांतीनंतर प्रत्यक्ष प्रार्थना, आणि तिचा दर मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे 15 मिनिटे. नवव्या पातळीच्या क्लेरिकला, विशेष गुणांमुळे मिळणारे जादा मंत्र सोडून, पहिल्या व दुसऱ्या पातळीचे चारचार, तिसरीचे तीन, चौथीचे दोन आणि पाचवीचा एक असे मंत्र मिळत. आदल्या दिवशी ते सगळे खर्ची पडले असतील तर त्यांची बेरीज 34 पातळ्यांची होते, म्हणजे साडेआठ तास प्रार्थना, आणि तत्पूर्वी आठ तास विश्रांती. साडेसोळा तास! दिवसाचा दोनतृतीयांश भाग देवाघरच्या या कामकाजात गेल्यावर त्या बिचाऱ्याने राक्षसाशी लढावयाचे केव्हा, असा प्रश्न हिशेबी वाचकाला पडेल. तो त्या काळच्या खेळाडूंनाही पडला असावा, कारण हा नियम काटेकोरपणे न पाळणारी टेबले पाळणाऱ्यांपेक्षा अधिक होती असे जुने खेळाडू सांगतात. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने हा दर पातळीमागे 10 मिनिटांवर आणला.

तथापि ज्या टेबलावर तो पाळला जाई, तेथे त्याची धार विलक्षण होती. भुयाराच्या पोटात, दाराला मेख ठोकून, पाळीपाळीने पहारा देत रात्र काढणाऱ्या मंडळींवर सूत्रधाराने ठरावीक अवधीने फासा टाकून भटक्या श्वापदांची स्वारी आणावी, झोप मोडावी, आणि झोप मोडली की पहाटेचा मंत्र बुडावा, असा तो मामला असे. त्यातच मंत्र आगाऊ निवडून ठेवावयाचे असल्यामुळे क्लेरिकला दिवसभराच्या विपत्तींचा अंदाज सकाळीच बांधावा लागे. विषबाधा उतरविण्याचा मंत्र मागून घेतला आणि दिवसभरात सर्प भेटलाच नाही, तर तो मंत्र फुकट. न घेतला आणि सर्प भेटला, तर मित्र गेला. परिणामी बहुतेक क्लेरिक जखमा भरण्याचेच मंत्र भरून घेत आणि त्यांचा खेळाडू, जो घरून मोठ्या उमेदीने धर्मवीर व्हावयास आलेला असे, तो सगळी संध्याकाळ इतरांच्या मलमपट्ट्या करीत बसे. या खेळात क्लेरिकची भूमिका घ्यावयास कोणी खुशीने तयार होत नाही ही तक्रार फार जुनी आहे, आणि तिचे कारण मंत्रप्राप्तीच्या या रीतीत दडलेले आहे.

मंत्र देवाकडून येतात हे एकदा मान्य केले की, देवच नाहीसा झाला तर काय, ही कल्पना लेखकांना सुचल्यावाचून राहत नाही. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी 1984 पासून प्रसिद्ध केलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालेतील क्रिन नावाच्या जगात, इस्तार नगरीच्या राजपुरोहिताने गर्वाने देवांनाच हुकूम सोडावयास सुरुवात केली, तेव्हा देवांनी अग्निमय पर्वत फेकून ती नगरी बुडविली व आपण अंतर्धान पावले. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे त्या जगातल्या एकाही उपाध्यायाच्या प्रार्थनेने एकही जखम बरी झाली नाही. धर्मपीठे होती, वस्त्रे होती, वर्गणी होती. मंत्र तेवढे नव्हते. गोल्डमून नावाच्या एका टोळीप्रमुखाच्या कन्येला मिशाकल देवतेच्या ज्ञानाच्या चकत्या सापडतात आणि उपासना पुन्हा फलद्रूप होते, हे त्या कथानकाचे पहिले मोठे वळण आहे. एरवी रोज सकाळी विनासायास मिळणारा पहिल्या पातळीचा साधा मंत्र येथे एका संपूर्ण कादंबरीचा फलितार्थ होऊन बसतो. नियमाचा कथेसाठी यापेक्षा चांगला उपयोग केलेला माझ्या पाहण्यात नाही.

‘फरगॉटन रेल्म्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध जगात 1989 च्या सुमारास याच्या उलट खटपट झाली. तेथील देवाधिदेव आओ याने, नियतीच्या पाट्या चोरीस गेल्याच्या रागाने, सर्व देवांना मर्त्य देहात भूतलावर लोटून दिले. आणि या संकटकाळात क्लेरिकला मंत्र मिळावयाचे तर त्याची देवता त्याच्यापासून एका मैलाच्या आत असली पाहिजे, असा नियम आला. देव पृथ्वीवर अवतरले आणि त्यामुळेच बहुसंख्य भक्तांना दुर्लभ झाले, हा त्यातला विपर्यास मार्मिक आहे. संकट निवळल्यावर आओने देवांचे सामर्थ्य त्यांच्या उपासकांच्या संख्येशी व निष्ठेशी जोडून दिले, म्हणजे मंत्राचा पुरवठा जसा भक्ताला हवा तसा भक्ताचा पुरवठा देवालाही हवा, असा उभयपक्षी करार झाला. 1991 साली आलेल्या ‘डार्क सन’ मधील अथास या उजाड जगात देव मुळीच नाहीत. तेथले क्लेरिक पृथ्वी, आप, तेज, वायू या भूतांची आराधना करून मंत्र मिळवितात, आणि नगरांवर राज्य करणाऱ्या मायावी राजांचे ‘टेम्प्लर’ नावाचे अंमलदार आपले मंत्र थेट राजाकडून घेतात. राजाची मर्जी फिरली की मंत्र बंद. जुलमी राज्याचे चित्र रंगविण्यास याहून थोडक्यात दुसरी युक्ती सापडणे कठीण. 2004 च्या ‘एबेरॉन’ जगाने तर वेगळाच पवित्रा घेतला: तेथे देव आहेत की नाहीत हेच कोणाला निश्चित ठाऊक नाही, आणि भ्रष्ट धर्माधिकाऱ्याचेही मंत्र चालू राहतात, कारण बळ त्याच्या श्रद्धेचे आहे.

मूळ खेळाची मालकी 1997 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे गेली व तिने 2000 साली तिसरी आवृत्ती काढली. जादूगार आणि क्लेरिक यांच्या पुनःप्राप्तीत खरा भेद जर कोणी केला असेल तर तो या आवृत्तीने. जादूगाराला आठ तासांची झोप व नंतर तासभर पोथी. क्लेरिकला मात्र झोपेचे बंधन नाही. त्याने दिवसातील एक वेळ कायमची ठरवून घ्यावी आणि त्या वेळी एक तास शांतपणे ध्यान वा याचना करावी, की दिवसाचा पुरवठा हाती आला. रात्रभर जागून पहारा दिला असला तरी हरकत नाही. मात्र गेल्या आठ तासांत जे मंत्र वापरले असतील ते नव्या हिशेबात वळते करून घेतले जात, जेणेकरून ठरल्या वेळेच्या आधी सगळे उधळून लगेच नवी भरपाई मागण्याची हातचलाखी कोणी करू नये. प्रातःकाळाच्या लाथँडर देवाचे क्लेरिक उषःकाली प्रार्थना करीत. संध्येची वेळ टळू नये म्हणून धडपडणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता. एका रात्रीच्या लढाईत पहाट कधी होते याकडे जादूगाराचे लक्ष नसते, क्लेरिकचे असते. एवढ्या एका तपशिलाने ते पात्र निराळे होऊन उभे राहते. मलमपट्टीची तक्रारही या आवृत्तीने ऐकली: सन्मार्गी क्लेरिकला आगाऊ मागितलेला कोणताही मंत्र ऐन वेळी त्याच पातळीच्या जखमा भरण्याच्या मंत्रात बदलून घेण्याची मुभा मिळाली. धर्मनियमाचे घोर उल्लंघन करणाऱ्याचे सर्व मंत्र जप्त होतील आणि प्रायश्चित्तावाचून परत मिळणार नाहीत, हे कलम मात्र होते.

ते कलम 2008 च्या चौथ्या आवृत्तीत उडाले. तेथे क्लेरिकच्या शक्तींना ‘प्रार्थना’ असेच नाव होते, परंतु त्यांच्या पुनःप्राप्तीत प्रार्थनेला काडीचेही स्थान नव्हते. काही शक्ती वाटेल तेव्हा, काही पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर, तर काही सहा तासांच्या विश्रांतीनंतर परत येत, आणि ते वेळापत्रक योद्ध्यालाही लागू होते. दीक्षा एकदा झाली की ती झाली. पुढे त्या माणसाने काय दिवे लावले याच्याशी देवतेला कर्तव्य उरले नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मंत्र आणि ते वापरण्याचे बळ अशी फोड केली. बळ मोजले जाते ‘स्पेल स्लॉट’ या परिमाणाने, आणि ते स्लॉट आठ तासांच्या ‘लाँग रेस्ट’ने, ज्यातले निदान सहा तास झोपेचे असावे लागतात, सर्वच्या सर्व भरून येतात, चोवीस तासांत असा लाभ एकदाच. प्रार्थना उरली ती मंत्रांची यादी बदलण्यापुरती, आणि तिचा दर पातळीमागे 1 मिनिट. पूर्वी ज्या नवव्या पातळीच्या क्लेरिकला साडेआठ तास गुडघे टेकावे लागत, तो या आवृत्तीत साधारणपणे पाऊण तासाच्या आत मोकळा होतो; यादी बदलावयाची नसेल तर तेवढाही वेळ नको, नुसते झोपून उठले की पुरे.

येथे दोन्ही पक्षांची बाजू ऐकली पाहिजे. नामंजुरीचा अधिकार देवाच्या हाती म्हणजे प्रत्यक्षात सूत्रधाराच्या हाती असतो, आणि सूत्रधार हा चारचौघांसारखाच माणूस असल्यामुळे त्या अधिकाराचा दुरुपयोग होण्यास वेळ लागत नाही; एखाद्या खेळाडूशी वाद झाला की दुसऱ्या सकाळी त्याच्या क्लेरिकची देवता रुष्ट व्हावी, हे प्रकार घडत. योद्ध्याची तलवार कोणी काढून घेत नाही, मग क्लेरिकचेच मंत्र का काढून घ्यावे, हा युक्तिवाद न्याय्य आहे. हे सर्व मान्य करूनही मला असे वाटते की, ज्याला नकार मिळू शकत नाही त्याच्या याचनेला याचना म्हणता येत नाही, आणि वतनासारखी बिनशर्त चालत आलेली शक्ती वापरणारा क्लेरिक हा निराळ्या वेषातला जादूगारच होय. 1979 च्या टिपणात सूत्रधाराला जुलमी होण्याची मोकळीक होती हे खरे, पण भ्रष्ट माणसाला खालच्या दोन पातळ्यांचे मंत्र कधीच नाकारले जाणार नाहीत अशी हमीही त्यात होती. ही अर्धी सुरक्षितता आणि अर्धी जोखीम असलेली तडजोड नंतरच्या कोणीच पुढे चालविली नाही याचे मला वाईट वाटते.

या घराण्याबाहेरच्या खेळांनी इतर वाटा चोखाळल्या आहेत. स्टीव्ह पेरिन प्रभृतींनी रचलेला आणि ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरांथा या जगात घडणारा ‘रुनक्वेस्ट’ 1978 साली निघाला. त्यात दैवी मंत्र मिळवावयाचा तर भक्ताला आपल्या आत्मबलाचा अंश देवतेला कायमचा अर्पण करावा लागतो. आणि त्या जुन्या आवृत्तीत सामान्य दीक्षिताला असा मंत्र आयुष्यात एकदाच वापरता येई, पुन्हा हवा असल्यास पुन्हा अर्पण. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून मिळालेली आणि अर्जुनासाठी जपून ठेवलेली शक्ती घटोत्कचावर खर्ची घालावी लागलेल्या कर्णाची स्थिती ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या नियमातली कळ चटकन उमगेल. 2018 च्या आवृत्तीने तो कठोरपणा सैल केला असून, खर्चिलेले बळ आता उपासनेने भरून येते. पण ती उपासना पवित्र तिथींना पंथबांधवांसह साजरी करावयाची असते. रोजच्या झोपेचा तेथे उपयोग नाही. म्हणून त्या खेळात पंचांगाला महत्त्व येते, आणि मोहिमेवर निघण्याआधी पुढचा सण कधी आहे व तोवर गावाला परतता येईल का, याचा विचार करावा लागतो.

‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या 2012 च्या खेळाने तर मोजमापच काढून टाकले. त्यातील क्लेरिकला मंत्रांचा रोजचा कोटा नाही. प्रत्येक वेळी वीस बाजूंचा फासा टाकून देवाची कृपा अजमावावयाची. फासा साधला तर मंत्र लागू पडला आणि पुन्हाही मागता येईल. चुकला, तर देवतेच्या नाराजीची मर्यादा एकाने वाढते: सकाळी फक्त 1 हा अंक अशुभ असतो, पहिल्या अपयशानंतर 1 आणि 2, पुढच्यानंतर 3 पर्यंत, आणि फाशावर त्या मर्यादेतला अंक उमटला की नाराजीच्या कोष्टकातून शिक्षा नेमली जाते. 50 सुवर्णमुद्रांचे अर्पण केल्यास मर्यादा एकाने उतरते, ही सोय कोणत्या अनुभवावरून सुचली असेल ते सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी हिशेब पुन्हा एकावर येतो. हात ठेवून जखम भरण्यालाही हाच नियम लागू असल्यामुळे, तेथला क्लेरिक मंत्र संपले म्हणून कधी थांबत नाही. कुणी विव्हळत जवळ आला म्हणजे तो आधी कागदावर आजची नाराजी कुठवर आली आहे ते पाहतो, मग कमरेची थैली चाचपतो, आणि दुखणे सकाळपर्यंत निभावण्याजोगे आहे का, याची चौकशी करतो.